मलमपट्टीचा संप

"तू मलमपट्टी घे," कामथडीचा म्हणाला.

"का?"

"कुणीतरी घ्यायला पायजेच ना."

"मग तू घे की."

"म्या? माझी तलवार हाय!"

वाद तिथून पेटला. भोरच्या एसटी स्टँडाजवळ एका चाचांचं सायबर कॅफे होतं. कॉलेज सुटलं की आम्ही तिघं तिथं ऑनलाइन गेम खेळायला जायचो. मी भोंगवलीची. दुसरा हा कामथडीचा, घरात टेम्पोचा धंदा, त्यामुळे आवाज कायम हायवेवरचा. तिसरा पासलीचा, भोरात मामाकडं राहायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

बाकीच्या गेममध्ये सुरुवातीलाच विचारतात, बोला, योद्धा की जादूगार की वैद्य? एकदा सांगितलं की मरेपर्यंत तेच. आमच्या गेममध्ये ही भानगडच नव्हती. सगळे सारखेच जन्माला यायचे, अंगावर फाटका सदरा, हात मोकळे. जे कराल ते वाढणार. झाडं तोडा, कुऱ्हाड वाढेल. जखमा बांधा, मलमपट्टी वाढेल. अट एकच, प्रत्येकाची सगळी कौशल्यं मिळून एक हंडा. हंडा भरला की एक वाढवताना दुसरं सांडायचं.

मी त्या काळात पत्रकं लिहायचे. एसटीच्या पासापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, समोर येईल त्यावर. हे नियम कळले तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. जन्मावर काही ठरत नाही! आम्ही चौकाचौकात घसा फोडून जे मागत होतो, ते ह्या गेमवाल्यांनी न मागता देऊन टाकलं होतं.

आणि आमच्या दोन वाघांनी अशा मोकळ्या जगात शिरल्या शिरल्या काय केलं? स्वतः तलवारी घेतल्या आणि पोरगी आहे म्हणून मला चिंध्या दिल्या. अरे, गेम बनवणाऱ्यानं जे ठेवलंच नव्हतं, ते तुम्ही घरून डब्यात भरून आणलंत?

मला कुऱ्हाड हवी होती. तीही दोन हातांनी धरायची, मोठी. त्यासाठी मी जंगलात एकटी जाऊन झाडंच्या झाडं आडवी केली होती. पण लढाई सुरू झाली की हाका यायच्या, "अगं मलम! अगं इकडं!" हंडा तर भरलेला. ह्यांच्या जखमा बांधून माझी मलमपट्टी वाढत होती आणि तिकडं कुऱ्हाड उतरत होती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर माझ्या हातात कुऱ्हाड असून नसल्यासारखी झाली असती.

म्हणून मी मुहूर्त निवडला. गुहेतला राक्षस, पुढं हे दोघं, मागं मी. राक्षसानं पहिला गदेचा तडाखा दिला आणि मी खाली बसले. गेममध्ये बसायचं बटण होतं, ते दाबलं.

"अगं मलम लाव!" शेजारच्या खुर्चीवरून कामथडीचा ओरडला.

"संप आहे."

"कसला संप? मरतोय मी हितं!"

"मागणी मान्य?"

"आधी मलम, मग मागणी!"

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणाले. तोवर तो मेला होता. मग पासलीचा मेला. मग राक्षस माझ्याकडं वळला आणि मी घोषणा देत देत मेले.

चाचांनी पेपर खाली केला. "काय झालं रे?"

"चाचा, हिनं संप केला!"

"मग म्हणणं ऐका तिचं. आणि हळू ऐका. हितं लोक नोकरीचे अर्ज भरतायत."

म्हणणं मी उभं राहून मांडलं. कामथडीच्याचं उत्तर ठरलेलं, "पण कुणीतरी करायलाच पायजे." आणि मग पासलीचा न विचारता बोलला.

"आमच्याकडं भाताच्या लावणीला सावड असती. आज सगळी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. पन चिखलात सगळीच उतरत्यात. बांधावर हुबा ऱ्हाऊन हुकूम सोडंल त्याच्या रानात दुसऱ्या दिवशी कुनी येत न्हाई."

"म्हंजे म्या पन मलम लावायचं?"

"व्हय. थोडं थोडं सगळ्यांनी."

कामथडीच्यानं तलवार थोडी सांडू दिली तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. पण सांडली. माझ्या हंड्यातली मलमपट्टी कमी झाली, कुऱ्हाडीला जागा झाली आणि मी पुन्हा जंगल गाठलं.

नंतरची लढाई म्हणजे नुसता गोंधळ. तिघांकडं अर्धी अर्धी मलमपट्टी, त्यामुळे राक्षसाच्या हातून आम्ही मरेना आणि आमच्या हातून तो. एक मारतोय, दुसरा बांधतोय, तिसरा "थांब, आता माझी पाळी" म्हणून भांडतोय. लोडशेडिंगची वेळ जवळ आली, चाचा घड्याळाकडं बघायला लागले. राक्षसात नखाएवढा जीव उरला होता आणि कामथडीचा ओरडला,

"ए बाई, कुऱ्हाड! कुऱ्हाड घाल!"

मलम नाही. कुऱ्हाड. पहिला घाव हवेत गेला, ते मी इथं लपवत नाही. दुसरा मानेवर बसला. राक्षस असा कोसळला की अर्ज भरणारे वळून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी कामथडीचा खुर्चीत बसला, पण गेम सुरू करेना.

"ऐक ना, मलमपट्टी लई बरी जमतीय मला," तो हायवेचा आवाज जमेल तेवढा उतरवून म्हणाला. "म्या एकट्यानंच घेतली तर चालंल का तुला?"

"अर्ज दे. विचार करू," मी म्हणाले, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून गुहेत सगळ्यांच्या पुढं शिरले.