ताण्याच्या समोरची

एर्मेलिंदाचा मुलगा फ्रुमेन समुद्रापलीकडे सबाहच्या ताडमळ्यात कामाला गेला आणि पेटीत बंद होऊन घरी आला. त्या दिवसापासून तिने सुताला हात लावला नाही. पेटी खिळे ठोकून आली होती. उघडू नका, असं बरोबरच्या माणसाने बजावलं होतं. आमच्या डोंगरावर माणूस मातीत जातो तो घरच्या बाईने विणलेलं कापड अंगावर घेऊन. एर्मेलिंदा ते कापड उराशी धरून उभी राहिली, आणि शेवटी ते पेटीवरच पांघरावं लागलं.

"लाकडाला थंडी वाजते का गं, पोलो?" एवढंच ती अपोलोनियाला म्हणाली. मग तिचं बोलणंच आटलं.

अपोलोनिया तिची समोरची. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरायचा तर चौकटीच्या दोन टोकांना दोघी बसतात आणि सुताचा गुंडा या हातातून त्या हातात जातो. दोघींच्या हाताची ओढ सारखी लागते. एकीने आवळलं, दुसरीने सैल सोडलं, तर नक्षी सरकते, आणि मग मागावर बसून कितीही ठोकलं तरी ती जागेवर येत नाही. म्हणून आमच्या मुली लहानपणीच जोडीने बसायला लागतात. या दोघी दुधाचे दात पडायच्या वयापासून समोरासमोर होत्या. लिंदाची बाळंतपणं, तिच्या नवऱ्याचं समुद्रात बुडून जाणं, अपोलोनियाची कूस न उजवणं, सगळं त्या चौकटीवरून इकडून तिकडे गेलं होतं.

तिसरीला तिथे जागा नव्हती. कुणी येऊन टेकलीच, तर अपोलोनिया म्हणायची, "आत्ता ताणा चाललाय बाई, नंतर ये." ते नंतर कधी उजाडायचं नाही.

काखेत आलेली गाठ अपोलोनियाने बरेच दिवस लपवली. शेवटी खाली माउमेरे शहरात जाऊन दाखवली, तेव्हा डॉक्टरीणबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ओमा, आजीबाई, फार उशीर केलात." परतताना मालट्रकच्या फळीवर, मक्याच्या पोत्यांना टेकून अपोलोनिया बसली होती. मरणाचं तिला विशेष काही वाटलं नाही. देव नेईल तेव्हा जायचं. पण आपल्यामागे लिंदाच्या समोर कोण बसणार, हा विचार आला आणि तिच्या अंगाला घाम फुटला. कुणीच नाही. आणि ते तिचंच करणं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सूत घेऊन लिंदाच्या अंगणात गेली. चौकट मांडली. गुंडा लिंदाच्या पुढ्यात टाकला. लिंदाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अपोलोनिया उठली, वळसा घालून पलीकडे गेली, सूत खुंटीवरून फिरवलं, परत आपल्या टोकाला आली. पुन्हा उठली. असं रोज चाललं.

शेजारची देल्फिना कुंपणापलीकडे डुकरांना खायला घालायला यायची. जिभेने तिखट, पण अपोलोनियाला मावशीच्या मानाने 'तांता' म्हणायची.

"तांता, एकटीच फुगडी घालताय की काय? गुडघे निखळले तर माझ्या दारात पडू नका हं."

"तुझ्या दारात पडायला जागा कुठाय? सगळी डुकरंच."

"डुकरं निदान हाक मारली की ओ देतात," देल्फिना लिंदाकडे हनुवटी उडवून म्हणाली.

एरवी असल्या बोलण्यावर अपोलोनियाने तिला पिटाळून लावलं असतं. त्या दिवशी म्हणाली, "ये गं आत. कॉफी टाक तिघींची." देल्फिना इतकी चकित झाली की हातातली बादली न ठेवताच आत आली.

लिंदा कॉफी प्यायची, पुढ्यातला मका दोन घास खायची, पण बोलायची नाही. एके दिवशी मात्र तिची नजर सुतावर पडली. नुसतं काळपट निळं. तांबड्याचा एक धागा नाही.

"कुणाचं कापड?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज खरखरला.

"एका लग्नाचं."

"लग्नाला हा रंग? मला येडी समजतेस?"

अपोलोनियाने गुंडा मांडीवर ठेवला. "माझं आहे, मातीत जातानाचं," ती म्हणाली. मग सदऱ्याची बाही वर सरकवून तिने काख दाखवली.

लिंदा रडेल असं अपोलोनियाला वाटलं होतं. ती ओरडली. "आणखी एक पुरायला लावतेस मला? निर्लज्ज! मी नाही हात लावणार. कापड झालं नाही तर तू जाणार कशी? बघतेच मी!"

"फ्रुमेन थांबला का कापडासाठी?"

तोंडून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. लिंदाने गुंडा उचलून तिच्या छातीवर फेकला, नेमका दुखऱ्या बाजूला, आणि घरात जाऊन कडी लावली. अपोलोनिया अंगणातच वाकून बसली. कळ ओसरेपर्यंत "नमो मारिया" म्हणत राहिली. मग दाराशी जाऊन म्हणाली, "लिंदा, त्याला लाकडाआड जावं लागलं. मला तसं नको धाडूस. बाकी काही मागत नाही."

कडी निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा लिंदा चौकटीच्या आपल्या टोकाला बसलेली होती. केस विंचरलेले, डोळे सुजलेले. "बस," ती म्हणाली.

अपोलोनिया बसली. पण आता हात खांद्याच्या वर जाईना. बोटं सुजून भाकरीसारखी झाली होती. दोनदा गुंडा निसटून मातीत लोळला. तेव्हा ती कुंपणाकडे तोंड करून ओरडली, "देल्फिना! डुकरं उपाशी मरत नाहीत, इकडे ये!"

"ती?" लिंदा म्हणाली. "तिचा हात ढिला आहे. तुझ्या जागेवर कुणी नको मला."

"मग माझं कापड कोण पुरं करणार? एकटीने पळणार आहेस चौकटीभोवती? तुझे गुडघे माझ्याहून वाईट."

देल्फिना आली आणि हात पुसून बसली. अपोलोनिया भिंतीजवळ चटईवर आडवी झाली. तिथून ती सांगत राहिली. आधी सुताचं, मग माणसाचं. "सकाळी तिला नुसती कॉफी देऊ नकोस, बरोबर कंद ठेव. आणि ती गप्प बसली ना, की शिवी दे."

"ते मला जमतं, तांता," देल्फिना म्हणाली. "शिव्यांना माझा हात ढिला नाही."

लिंदा फसकन हसली. फ्रुमेन गेल्यापासून पहिल्यांदा. अपोलोनियाने याच्यासाठीच तर सगळं मांडलं होतं. पण ते हसू तिच्याकडे बघून आलेलं नव्हतं, आणि काखेतल्या गाठीपेक्षाही ते जास्त दुखलं. तिने भिंतीकडे कूस वळवली. मिटल्या डोळ्यांनी जपमाळ धरली खरी, पण मणी पुढे सरकेना.

"पोलो, बघ गं ओढ बरोबर आहे का," लिंदाने हाक मारली.

ती सरपटत गेली. सुजलेलं बोट धाग्यांवर टेकवलं. देल्फिनाच्या बाजूने सूत ढिलं होतं. नक्षी सरकणार होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

ऊन उतरल्यावर लिंदाने चौकट झाकली. देल्फिना निघाली तशी ती म्हणाली, "उद्या लवकर ये. ऊन चढायच्या आत बसू."

देल्फिना "हो" म्हणून गेली. अपोलोनिया चटईवरून उठायला बघत होती. लिंदाने तिच्या पाठीत हात घातला, उठवलं, आणि तिच्या घरी नेऊन सोडलं.