संगीताची चौथी आणि आमची नसीमा

कोल्हापुरात शाहूपुरीत नातवासाठी दप्तर बघत होते. दुकानदाराशी घासाघीस रंगात आली होती, तेवढ्यात नसीमाचा थोरला, रफीक, समोर येऊन उभा राहिला. आधी आमच्या घरी जाऊन, तिथून माझा माग काढत आला होता बिचारा. "मावशी, अम्मी गेली," एवढंच बोलला. मी त्याच्यावरच खेकसले, "गेली म्हंजे? परवा तर माझ्याशी भांडली की ती!" भांडायला ज्याच्या अंगात जोर आहे ते माणूस मरत नसतं, अशी माझी आपली समजूत... सकाळी चहा ठेवायला उठली, ओट्याशीच खाली बसली आणि संपलं. दप्तर तसंच टाकून मी रफीकच्या गाडीवर मागं बसून कुरुंदवाडला गेले. आता महिना उलटून गेला, तरी तिच्याबद्दल 'होती' म्हणताना माझी जीभ अडखळते.

आम्ही दोघींनी कुरुंदवाडजवळच्या एका प्राथमिक शाळेत बरोबरीनं मास्तरकी केली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या यायच्या. शाळेमागच्या मोकळ्या रानात पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या, आणि त्यांची पोरं दिवसभर कुंपणाला नाक लावून आमचा वर्ग बघत बसायची. आम्हा बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे, खरंच सांगते. पावणी पोरं, चार महिन्यांनी जातील, असंच सगळे म्हणायचे. नसीमाला ते बघवेना. एका रविवारी ती मला ओढत फडात घेऊन गेली. मला वाटलं, आता ही शिक्षणाचं महत्त्व सांगत बसणार. छे! पदर खोचून ती बायकांच्या रांगेत बसली आणि वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला लागली. शाळेचा शब्द नाही. कुठल्या गावच्या, सासर कुठलं, पोराला खोकला कधीपासून... दुपारी त्यांनीच भाकरी पुढं केली, तेव्हा कुठं ही म्हणाली, "तुमची ती पोरगी कुंपणावरनं पाढे म्हणत्या. आत येऊन म्हणू दे की."

ती पोरगी म्हणजे संगीता. गावाकडं चौथीत होती. हुशार, पण कडेवर कायम धाकटा भाऊ. आई म्हणाली, "बाळाला कोण सांभाळील?" नसीमा म्हणाली, "त्यालाबी आणा." दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली! हेडमास्तर दारात येऊन कडाडले, "बाई, ही शाळा हाय का बाळंतिणीची खोली?" नसीमा खडूसुद्धा न ठेवता म्हणाली, "सर, हळू बोला की. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. हेडमास्तर पुटपुटत निघून गेले, पण झोळी राहिली. संगीता एका हातानं झोका द्यायची आणि दुसऱ्या हातानं गणितं सोडवायची.

घोळ झाला तो पुढं. मार्चमध्येच कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि परीक्षेला अजून वेळ होता. नसीमानं संगीताची परीक्षा लवकर घेतली, पास केलं, वर्गाला पेढे वाटले. आम्ही दोघी खुशीत. पण गावाकडच्या शाळेत पोरीचं नाव दिवाळीनंतरच गैरहजर म्हणून कमी झालं होतं, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही! तिच्या बापानं निरोप धाडला : इथले गुरुजी पाचवीत घेत नाहीत, आता पुढच्या हंगामाला पोरीच्या हातात कोयता देतो, आणि मग लग्न.

नसीमानं तो निरोप ऐकला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घेऊन बीडची एसटी धरली. वाटेत गोळ्याबिस्किटं खाऊन माझं पोट बिघडलं, ते वेगळंच. संगीताच्या गावचे गिते गुरुजी म्हणजे करवंदाच्या काट्यासारखा माणूस. म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर माझी अर्धी शाळा तुमच्याकडं जाते. न दिसणाऱ्या लेकरांची हजेरी मांडू का मी?"

"माझ्याकडं दिसत्यात की! मी मांडते, तुम्ही ती धरा."

"तुमचा जिल्हा वेगळा, आमचा वेगळा."

"पोरगी एकच हाय न्हवं?"

गुरुजी उठले, संगीताला बोलावलं आणि पारावर, गावासमोर, पुस्तक हातात दिलं. पोरगी पुस्तक छातीशी धरून उभी. तिचा बाप मान खाली घालून बसलेला. नसीमा माझा हात इतका आवळून बसली होती की बांगडी रुतली. संगीतानं वाचलं... घडाघडा वाचलं हो! गुरुजींनी दोन गणितं घातली, तीही सुटली. "शाळा उघडली की पाचवीत बसव," ते बापाला म्हणाले, आणि नसीमाला म्हणाले, "जेवल्याशिवाय जायचं नाही."

त्या जेवणावर ठरलेली रीत पुढं वर्षानुवर्षं चालली. टोळ्या निघाल्या की गिते गुरुजी पोरांना सांगायचे, कुणाच्या शाळेत जायचं ते. परतल्यावर नसीमाची हजेरी आणि मार्क ते धरायचे. काही टोळ्या मधेच सीमेपलीकडं कर्नाटकात जायच्या, तर तिनं तिकडचे बसवराज मास्तर गाठले. त्यांचं मराठी मोडकं, हिचं कन्नड त्याहून मोडकं, पण पोरं वर्गात बसली. सरकारला हे सुचायला पुढं किती वर्षं गेली! यावरून मी तिला चिडवायचे, "तुझं शिक्षण खातं चुलीवर चालतंय." ती म्हणायची, "मग? भाकरी तिथंच भाजत्यात की."

संगीता दहावीपर्यंत शिकली. मग लग्न झालं, आणि एका हंगामात नवऱ्याबरोबर, डोक्यावर मोळी घेऊन, आमच्याच शिवारात दिसली. त्या दिवशी नसीमा जेवली नाही. "सुले, काय उपेग झाला गं?" म्हणून रडली. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच संगीता दारात उभी, लेकीला तेल लावून, वेणी घालून. म्हणाली, "बाई, फडात यायची तसदी घेऊ नका. मीच आणलीय." नसीमानं त्या लेकराला उचलूनच वर्गात नेलं.

परवा चाळिसाव्याला गेले होते. जेवणं उरकली, पावणे पांगले. स्वयंपाकघरात खिडकीशी नसीमाचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. "बंद का नाही केलास?" मी रफीकला विचारलं. "दिवाळी झाली न्हवं मावशी. टोळ्या निघायच्या दिवसांत लई फोन येत्यात अम्मीला. कसा बंद करू?" तो बोलतोय तोवर फोन वाजला. रफीकनं माझ्याकडं पाहिलं. मी उचलला.

"बाई, संगीता बोलतेय. मुकादमानं यंदा कर्नाटकातला कारखाना धरलाय. उद्या निघतोय आम्ही. पोरीला कुठं घालू?"

खरं मी सांगितलंच नाही. एवढंच म्हटलं, "बसवराज मास्तरांच्या शाळेत. मी सांगते त्यांना."

"बाई, आवाज बसलाय का तुमचा?"

"व्हय गं," मी म्हटलं, "बसलाय." आणि फोन ठेवून रफीकला मास्तरांचा नंबर काढायला सांगितला.