मामांच्या भिंतीतली वायर

या जगात माणसांना जीव लावणारे असतात, गायीगुरांना लावणारे असतात, एखादा नमुना आपल्या जुन्या स्कूटरलाही लावतो. पण वायरीवर पोटच्या लेकरासारखी माया करणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच निपजला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हिंगोलीच्या एसटी डेपोत तीसेक वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालून मामा निवृत्त झाले आणि साखऱ्याला, आपल्या गावी जाऊन राहिले. लोकांच्या घरी आढ्याला लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात. मामांच्या घरी वायरीची भेंडोळी टांगलेली आहेत. त्यातल्या प्रत्येकीचं कूळ त्यांना तोंडपाठ. ही बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची, ही कुण्या पुढाऱ्याच्या सभेतल्या भोंग्याची. "सभा पडली जावईबापू, वायर शाबूत हाय," असं ते मला अभिमानानं सांगतात. नवी वायर विकत घेणं हे मामांच्या लेखी व्यसनात मोडतं. भिंतीत एक वायर असताना दुसरी ओढणारा माणूस त्यांना भरल्या ताटावरून उठून हॉटेलात जेवायला जाणाऱ्यासारखा वाटतो.

हिंगोलीत मी घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला मामा आले. जुनंच घर होतं, आधीच्या मालकानं रंग देऊन विकलेलं. पाहुणे पूजेला नमस्कार करत होते आणि मामा भिंतीला. म्हणजे मला आधी तसं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीवर तळवा ठेवून ते डोळे मिटून उभे होते. "ह्यात केबलवाल्याची वायर हाय. कुठं जाती?" मी म्हणालो, मला नाही ठाऊक. मामांनी मला असं काही न्याहाळलं की जणू मी स्वतःच्या गोत्राचं नाव विसरलो होतो. "घराचे मालक तुमी, अन् भिंतीत काय हाय ते तुमाला ठाऊक न्हाई?" जेवणाची पंगत उठायच्या आत त्यांनी ती वायर शोधली. तिचं एक टोक फ्रिजमागे निघालं आणि दुसरं देवघरात, गणपतीच्या तसबिरीच्या पाठीमागे. भटजी दक्षिणा घेऊन उंबऱ्याबाहेर पडले, तोवर आमच्या स्वयंपाकघरात टीव्ही लागलेला होता. बायको मामांवर इतकी खूश झाली की वास्तू कशी वाटली हे कुणाला विचारायचंच राहिलं.

पण हे सगळे नमुन्याचे प्रयोग. खरा पराक्रम त्यांनी स्वतःच्या घरी केला. मामांचं घर म्हणजे एका रांगेत बांधलेल्या आठ खोल्या. त्यातल्या पाच वाटणीत मामांकडे आल्या, तीन त्यांच्या थोरल्या भावाकडे गेल्या. गावात केबल आली त्या काळात घर एकत्र होतं, तेव्हा मामांनी गिलावा चालू असतानाच खोल्याखोल्यांतून भिंतीच्या पोटात केबलची वायर घालून ठेवली होती. पुढे केबलवाल्यानं गाशा गुंडाळला आणि वायर भिंतीतच राहिली. मग डिशच्या छत्रीचे दिवस आले. घरोघरी गच्चीवर छत्री, खाली सेट टॉप बॉक्स. मामांच्या सुनेनं आपल्या खोलीसाठी वेगळी छत्री मागितली आणि मामा पेटले. त्याच दिवशी ते हिंगोलीला, त्यांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दाखल झाले. मीही सोबत होतो. दुकान एका चाचांचं, मामांची आणि त्यांची डेपोच्या काळापासूनची दोस्ती.

"पाच खोलीला पाच डब्बे घ्या ना मामा. इतकी तकलीफ कशाला?" चाचा म्हणाले.

"आभाळ एक, छत्री एक. मंग डबे पाच काहून?" मामांनी उलट विचारलं. "वायर भिंतीत बसून हाय चाचा, इतकी वर्षं. तिला काही काम द्या की न्हाई?"

चाचांनी कपाळाला हात लावला आणि मागच्या फळीवरून धुळीत माखलेलं एक लहानसं यंत्र काढलं. त्याचं नाव मॉड्युलेटर. बॉक्समधलं चित्र उचलून केबलच्या वायरीत सोडायचं, एवढंच त्याचं काम. केबल बुडाल्यापासून त्याला कुणी विचारलं नव्हतं. सोबत एक बूस्टर आणि एका वायरीच्या सहा वायरी करणारा स्प्लिटर. मामांनी त्या तिन्ही वस्तू उपरण्यात बांधून पोटाशी धरल्या आणि एसटीत खिडकीची जागा सोडून मधली घेतली, हवा लागू नये म्हणून!

तो दिवस मी कधी विसरणार नाही. छत्री गच्चीवर, बॉक्स मधल्या खोलीत, बॉक्समधून वायर मॉड्युलेटरमध्ये, तिथून बूस्टर, तिथून स्प्लिटर, आणि स्प्लिटरमधून भिंतीत. पाच खोल्यांसाठी पाच टीव्ही पाहुण्यांच्या माळ्यांवरून गोळा केलेले, त्यातला एक तर ढेरपोट्या, दोघांनी उचलावा असा. न्हाणीघर तेवढं सुटलं, तेही मामींच्या धाकानं. आम्ही एकेका खोलीत एकेक जण उभे होतो आणि मामा मधल्या खोलीतून ओरडत होते, "तीन नंबर लावा! समदे तीन नंबर लावा!" आधी सगळीकडे मुंग्या. मग मामांनी एक पिन किंचित फिरवली आणि माझ्या समोर, ज्या वायरीवरून कित्येक वर्षांत काही गेलं नव्हतं त्या वायरीतून एक बाई बाहेर आली आणि वांग्याचं भरीत करायला लागली! "आली!" मी ओरडलो. "आली!" शेजारच्या खोलीतून माझी बायको ओरडली. "हितंबी आली! काळी दिसून राहिली, पर आली!" शेवटच्या खोलीतून सून किंचाळली. पाच खोल्यांत पाच बायका एकाच वेळी एकच वांगं भाजत होत्या आणि मामा या खोलीतून त्या खोलीत धोतर सावरत पळत होते. माझ्या लग्नातही मी त्या घराला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी या योजनेतला बारकावा घरच्यांच्या ध्यानात आला. बॉक्स एक, तर चॅनलही एकच. टीव्ही पाच असले तरी मधल्या खोलीत जे लागेल तेच पाचही खोल्यांना बघणं भाग होतं, आणि रिमोट मामांच्या बंडीच्या खिशात. सुनेला मालिका बघायची असली तर तिनं आपल्या खोलीतून हाळी द्यायची, मामांनी ती मनावर घ्यायची किंवा नाही घ्यायची. विनोद झाला की पाच खोल्या एकदम हसत. पहिल्यांदा आलेला पाहुणा दचकायचा. "आता कसं, घर एका सुरात हाय," मामा म्हणायचे. सून म्हणायची, "सूर त्याहिचा, तोंड आमचं."

आणि सूर तरी कसला! सकाळी कीर्तन, दुपारी शेतीचा कार्यक्रम, संध्याकाळी कुस्ती. कुस्ती लागली की मामा स्वतः डोळे मिटून घ्यायचे; कुणाचा पाय मुरगळलेला त्यांना बघवत नाही. मग लावायची तरी कुणासाठी? मी हा प्रश्न मनात घेऊन फिरत होतो, तेवढ्यात मला स्प्लिटर दिसला. खोल्या पाच, पण त्याची तोंडं सहाही भरलेली. सहावी वायर मामांच्या शेवटच्या खोलीतून सरळ पलीकडच्या भिंतीत शिरलेली. "मामा, ही कुठं जाते?" मी विचारलं. "राहू द्या तिला," एवढंच म्हणून ते गच्चीवर निघून गेले.

ती गोष्ट मला चुलीपाशी मामींनी सांगितली. थोरल्या मामांच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. मामांनी हौसेनं मांडवाचं काम अंगावर घेतलं आणि रंगीत माळा, पंखे, भोंगा, आचाऱ्याचा मिक्सर, हे सगळं एकाच जुन्या वायरीवर टाकलं. जनरेटर आणा म्हणणाऱ्याला त्यांनी वायरीचं बळ समजावून सांगितलं होतं. शेवटच्या मंगलाष्टकाला 'सावधान' म्हणायला आणि फट्‌कन आवाज यायला एकच गाठ पडली. मांडवात काळोख, धूर, धावपळ. नवरदेवानं चाचपडत हार घातला तो करवलीच्या गळ्यात! आता कुणीही हसेल, पण तेव्हा व्याही ताटावर बसेनात. थोरल्या मामांनी चारचौघांत हात जोडून त्यांची समजूत काढली आणि मग धाकट्या भावाकडे वळून म्हणाले, "आजपासून माझ्या घरच्या वायरीला हात लावायचा न्हाई. अन् माझ्याशी बोलायचं न्हाई." महिन्याभरात दोन घरांमधलं दार विटांनी बुजलं, अंगणात भिंत उभी राहिली. त्याला आठ-नऊ वर्षं झाली. मधल्या काळात थोरल्या मामी गेल्या, मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, म्हातारा तीन खोल्यांत एकटा राहिला. मामी रोज दोन्ही वेळा अंगणातल्या भिंतीवर झाकलेलं ताट ठेवतात आणि डोक्यावर पदर ओढून मागे फिरतात. थोरल्या दिराशी बोलायची त्यांच्यात रीत नाही. ताट रोज जायचं, धुऊन परत यायचं. शब्द मात्र एकही यायचा नाही.

"अन् ह्ये रोज कुस्ती लावून बसतेत," मामी म्हणाल्या. "थोरल्या भाऊजींनी तरणेपणी नरसीच्या फडात लई कुस्त्या मारल्या हायेत ना."

मी मामांना गाठलं. ते आधी वकिलासारखे बोलले. "दादाच्या घरच्या वायरीला म्या हात न्हाई लावला. माझ्या घरात जे टोक हाय, त्येला लावला. बराबर हाय का न्हाई?" मी म्हटलं, बरोबर आहे, पण पलीकडचं टोक त्यांनी आपल्या टीव्हीला जोडलंय का? तिथं तीन नंबर लावलाय का? हे मामांनाच ठाऊक नव्हतं. माणसानं भिंतीच्या तोंडात रोज घास घालावा आणि गिळला की नाही ते कळू नये, अशी त्यांची गत होती. कळायचं तरी कसं? आपल्याच पाच टीव्हींच्या गलक्यात सहावा ऐकू कसा येणार? बॉक्सचा आवाज बंद करावा तर तो सहाव्याचाही बंद. म्हणून मामा पाची खोल्यांतून पळत पळत एकेका टीव्हीचा आवाज बारीक करायचे, मग स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला कान लावायचे. मीही लावला. पंख्याची घरघर ऐकू आली, एकदा खोकला आला. "खोकला कीर्तनातला असंल का दादाचा?" मामांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

गेल्या थंडीत हुरडा खायला आम्ही साखऱ्याला गेलो होतो. शेतावरून संध्याकाळी परत आलो तर टीव्हीवर कुस्तीच्या कुठल्याशा मोठ्या मैदानाची शेवटची जोड लागलेली. दोन तगडे पैलवान, पाऊण तास झाला तरी कुणी कुणाला भारी नाही. पाची खोल्या भरलेल्या. मामा रिमोट बाजूला ठेवून, डोळ्यांवर उपरणं घेऊन बसले होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "काय झालं? पडला का कोणी?" एकानं ढाक डाव लावला. दुसरा हवेत गेला. मी भान विसरून उठलो आणि पुन्हा मटकन बसलो, तो नेमका रिमोटवर!

पैलवान हवेतच राहिला आणि टीव्हीवर एक बाई नथ सावरत सासूला टोमणा मारू लागली. पाच खोल्यांतून एकच कल्लोळ उठला. आणि त्या कल्लोळाच्याही वर, बुजवलेल्या दाराच्या विटांपलीकडून, जात्यासारखा घरघरता एक आवाज आला.

"अबे काय करून राहिला रे! लाव की ते! चितपट व्हऊन राहिला व्हता त्यो!"

मामींनी पटकन डोक्यावर पदर ओढला, मधे भिंत असताना. मामांच्या डोळ्यांवरून उपरणं खाली पडलं. मी रिमोट त्यांच्या हातात दिला, पण त्यांना बटण सापडेना. डेपोतल्या जळत्या वायरीला कधी न भ्यालेली बोटं रिमोटभर चाचपडत राहिली.

"लावतो, दादा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मीच पलीकडे ओरडून सांगणार होतो. मग त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "लावतो, दादा! पाव्हणा बसला रिमोटावर!"

"पाव्हण्याला उठव आधी!" पलीकडून हुकूम आला.

कुस्ती परत लागली तेव्हा निकाल होऊन गेला होता. कोण जिंकलं ते आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. मामा टीव्हीकडे बघतच नव्हते, ते भिंतीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं पलीकडून विचारणा झाली, "उद्या हाय का पुन्हा?" आणि मामा आनंदानं ओरडले, "हाय दादा! रोज हाय! नसली तरी म्या कुठूनबी काढतो!"

त्याला आता वर्ष होईल. सगळं जुळलं, भिंत पडली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तसं काही झालेलं नाही. संध्याकाळी टीव्ही चालू असला की दोघं भाऊ भिंतीतून एकमेकांवर यथेच्छ ओरडतात, पैलवानांना शिव्या घालतात. सकाळी पाराजवळ समोरासमोर आले की दोघांच्याही माना खाली. काय बोलावं ते सुचत नाही म्हणे. परवा मी मामांना न राहवून म्हणालो, एकदा सरळ दारातून आत जा ना, थोरले आहेत, त्यांचं आता वय झालं. मामा हातातल्या वायरीचं टोक सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घाई करू नका जावईबापू," ते म्हणाले. "आवाज तर येऊन राहिला. चित्र येईल हळूहळू."