फोंटानाचा दर्यावर्दी

मांदो किरोझने सोळा वर्षांत समुद्र चारदा पाहिला होता, तोही कोरड्या पायांनी. फोंटाना हे त्याचं गाव किनाऱ्यापासून पन्नास मैल आत. तिथे लाट यायची ती पोलाद कारखान्याच्या भट्टीची. बाप भट्टीवर, दोघे भाऊ भट्टीवर, आणि शाळा संपली की मांदोचीही जागा धरलेली. सुटायची एकच वाट होती, ती गिटारच्या तारांवरून जात होती. त्याच्या बँडला गायक नव्हता, कारण चौघांतल्या कुणालाच गाता येत नव्हतं. पण गिटार तो अशी झोडपायचा की ऐकणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जावं.

१९६२च्या वसंतात त्यांची लाटांच्या धुनांची तबकडी रेडिओवर वाजू लागली आणि किनाऱ्यावरच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचं बोलावणं आलं, शनिवारी दुपारचं. तिथली पोरं पाय आपटून नाचली तर तबकडी चालणार. हाताची घडी घालून उभी राहिली तर भट्टी.

त्याआधी सकाळी तबकडीच्या वेष्टनासाठी वाळूवर फोटो काढायचा होता. मांदोने लाटांवर स्वार व्हायची फळी कुणाकडून तरी मागून आणली आणि ती गाडीचं पॉलिश चोळून आरशासारखी केली. पाय घसरू नये म्हणून फळी खरखरीत ठेवायची असते, हे फोंटानात कोण कुणाला सांगणार?

तिथल्या पोरांचा म्होरक्या स्किप हाल्डोर्सन. त्याने फळीवरून बोट फिरवलं. "वा. चाकं घरी राहिली वाटतं?" बाकीचे हसले. "लाटांच्या धुना वाजवतोस ना? मग चढून दाखव."

आपल्याला पोहता येत नाही हे सांगायला मांदोने तोंड उघडलं, आणि दुपारचा हॉल आठवून मिटलं. तो पाण्यात शिरला. पुढच्याच क्षणी फळी एकीकडे, मांदो एकीकडे. स्किपने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं.

"पोहता येत नाही हे आधी बोलायचं ना, गाढवा."

"बोललो असतो तर दुपारी नाचला असतात?"

स्किपने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

दुपारी तीन धुना झाल्या तरी हातांच्या घड्या सुटल्या नाहीत. मांदोच्या कानांत अजून पाणी होतं, बोटं सोलली होती. चौथीला पायांखालच्या फळ्या हादरल्या. स्किप एकटाच पाय आपटत होता, दंड भरल्यासारख्या चेहऱ्याने. मग सगळेच.

तीन आठवड्यांत तबकडी रेडिओच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेली. तबकडीच्या कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं, पुढचा फोटो खऱ्या लाटेवर, मोठ्या. मांदो हो म्हणाला आणि नगरपालिकेच्या तलावावर पोहायच्या वर्गात नाव घालून आला.

वर्गात बाकीची सगळी सात वर्षांच्या आतली. पाणी त्यांच्या छातीपर्यंत, मांदोच्या मांड्यांपर्यंत. काठ सोडायला सांगितल्यावर सगळ्यांनी सोडला, त्याने नाही. फोटोला अकरा दिवस उरले होते.