भुईआवळा सावलीत वाळतो

भुईआवळा उपटताना तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझ्या आईचा नियम. ती पनवेलजवळच्या गव्हाण गावची. आमच्या शेताचे प्लॉट पडले, तरी घरामागच्या एका बांधाला तिने कुणाला हात लावू दिला नाही. पाऊस सरत आला की तिथे भुईआवळा माजायचा. पनवेलचे एक वैद्य काविळीच्या औषधासाठी तो दरवर्षी तिच्याकडूनच न्यायचे. बाजारातला माल तपकिरी, हिचा मात्र वर्षानंतरही हिरवा, असं ते म्हणत.

तिची रीत ठरलेली. पानांखाली बारीक फळं धरली की सकाळी दव सुकल्यावर मुळासकट उपटायचं, मुळं धुवायची आणि बारीक जुड्या बांधून पडवीलगतच्या अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगायच्या. जुडी जाड झाली तर आतून बुरशी धरते. ऊन लागलं तर पानं तांबूस होऊन झडतात. काडी कटकन मोडली की वाळला. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती. मी बॉटनी शिकलेली.

तक्रार होती ती संध्याकाळची. भुईआवळ्याची पानं सांजेला मिटतात, हे ठीक. पण सकाळी उपटून टांगलेल्या जुड्याही त्या दिवशी मिटायच्या. लहानपणी मी आणि आई दिवा न लावता बघत बसायचो. वाऱ्याचा मागमूस नसायचा, तरी शेकडो पानं हळूच एकमेकांजवळ सरकायची. मी आईच्या पदरात तोंड खुपसायचे.

"त्याला आजून समजलं नाय, आपण मेलो हाय ते," आई दबक्या आवाजात सांगायची. "सावलीत हळूहळू समजतं, मंग गुण आत ऱ्हातो. उन्हात एकदम समजतं. म्हणून त्याच्यासमोर बोलायचं नाय."

कॉलेजात गेल्यावर मी तिला समजावलं, पेशींत पाणी आहे तोवर उपटलेलं झाडही जिवंतच असतं, म्हणून पानं मिटतात. तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मंग मी तरी दुसरं काय बोलते?"

गेल्या वर्षी ती खंगायला लागली. रिपोर्ट आला, यकृतात गाठ होती आणि ती पसरली होती. मी आणि माझ्या थोरल्या भावाने ठरवलं, तिला सांगायचं नाही. थोडी सूज आहे, एवढंच म्हणायचं. मी नवीन पनवेलहून रोज तिच्याकडे जायला लागले आणि उगाच हसून बोलायला लागले. त्या नाटकाची मला चीड यायची, पण सांगण्याची भीती त्याहून मोठी होती.

त्या मोसमात बांधापर्यंत चालणं तिला झेपत नव्हतं. मी एकटीच उपटत होते. भावाचा फोन आला. मी तो खांद्याने कानाशी दाबला आणि काम चालू ठेवलं. तो विचारत होता, मी सांगत होते. ऑपरेशन होणार नाही. आता तिला दुखू द्यायचं नाही, एवढंच हातात आहे. आई खाटेवर झोपली होती. मागे कुणी नाही, हे मी दोनदा वळून पाहिलं होतं.

संध्याकाळी जुड्या बघायचा तिने हट्टच धरला, म्हणून तिला धरून त्या खोलीत आणलं. उजेड उतरत गेला. दाराबाहेर बांधावरचा भुईआवळा मिटला. आत मी टांगलेल्या जुड्यांचं एकही पान हललं नाही. सगळी सताड उघडी. मुळं कोरडी पडली असतील, असं मी स्वतःला सांगितलं, तरी अंगावर सरसरून काटा आला.

आईने हात उंच करून एक जुडी चाचपली.

"टाकून दे सगळ्या," ती म्हणाली. "यांना समजलंय."

ती खाली टेकली आणि मलाही शेजारी बसवलं.

"बांधावर कुणाशी बोलत होतीस?"

"दादाशी."

"किती दिवस बोलले डॉक्टर?"

मी सांगितलं. सांगताना मला रडू आवरलं नाही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दादाला सांगू नको, मला समजलंय म्हणून," ती म्हणाली. "त्याला झोप लागनार नाय."