उडणाऱ्या पोराची बहीण

सत्तरच्या दशकात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, मी रामदासपेठेतल्या एका साप्ताहिकात मुलांचं पान सांभाळायचे. संपादक म्हणजे उपदेश करायलाच जन्माला आलेला माणूस. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा टाकला.

"याचं मराठी कर. पोरं आजकाल हेच वाचून राहिली."

मूळ मालकाची परवानगी वगैरे प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या सोळा वर्षांच्या पोराची. एरवी शाळेत जायचा, संकट आलं की पाठीला झूल बांधून उडायचा. साऱ्या गावात त्याला कुणी ओळखायचं नाही, कारण उडताना तो भांग दुसऱ्या बाजूला पाडायचा. त्या गावाच्या डोळ्यांची मला काळजीच वाटायची.

पहिल्याच भागात एक मुलगी निघाली.

"ही कोण वं?" संपादकांनी विचारलं.

"मैत्रीण आहे, सर."

"आपल्या पानावर मैत्रीण चालत नाही. बहीण कर."

"चित्रात तो तिला फुलं देऊन राहिला."

"मग राखी पौर्णिमा आहे म्हण."

राखी पौर्णिमा सलग सहा आठवडे चालली. वर्ध्याच्या एका शाळकरी मुलीनं पत्र पाठवलं, 'दादाला बहीण दिसली की घाम का फुटतो?' संपादकांनी माझ्याकडून उत्तर छापून घेतलं, की त्याला हिवताप आहे. पुढे पालकांची तक्रार आली, गोष्टीतला पोरगा वर्गातून खिडकीवाटे पळतो म्हणून. तेव्हापासून तो प्रत्येक उड्डाणाआधी "गुरुजी, जाऊ का?" असं विचारू लागला. खाली गाव जळत असलं तरी.

हे सगळं मी निमूट केलं. मग तो भाग आला. गावचा नगराध्यक्ष धरणाचं पाणी आपल्या कारखान्याकडे वळवतो आणि आपला उडता पोरगा त्याला घड्याळाच्या मनोऱ्याला लटकवतो. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. आणि साप्ताहिकाच्या मधल्या पानांवर एका पुढाऱ्याचे हात जोडलेले फोटो यायचे.

"नगराध्यक्ष चोर नसतो," संपादक म्हणाले. "चावीवाल्याले चोर कर."

आमच्या मोहल्ल्यातला चावीवाला म्हातारा होता. सायकलवरून येऊन नळाची चावी फिरवायचा आणि पाणी कमी आलं की साऱ्या बायांच्या शिव्या खायचा. त्याला मनोऱ्याला लटकवायला माझा हात धजेना. संपादक स्वतःच्या सत्काराला अमरावतीला गेले होते, तेव्हा मी मजकूर होता तसाच छापखान्यात दिला.

सोमवारी ते अंक हातात धरून आले, कान तापलेले.

"तुले समजत नाही का वं? हे आपल्यावरच आहे असं लोकायले वाटन!"

"गाव अमेरिकेतलं आहे, सर. तुम्हाला काहून आपलं वाटलं?"

नोकरी तिथंच गेली. पुढच्या अंकात एका चौकटीत खुलासा होता, की आपला लाडका वीर मॅट्रिकच्या अभ्यासासाठी वसतिगृहात गेला आहे. त्या जागी संपादकांनी स्वतःचे सुविचार सुरू केले. मला राग आला, रडूही आलं. घरी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

शेवटी शेजारच्या काकूंनीच नळावर गाठलं. अंक त्यांच्या धाकट्यानं वाचून दाखवला होता.

"त्या अध्यक्षाले खाली उतरवलं का वं मग?"

"नाही, काकू. लटकूनच आहे."

"राहू दे तसाच," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा गुंड नळाखाली सरकवला.