आडसाली लावू का बाजरी?

लग्नाचे किस्से पुढच्या लग्नापर्यंत टिकतात. मयताचं तसं नाही. माणूस गेलं की त्याच्याबद्दलचं बोलणं वाढतच जातं, आणि आमच्या कोऱ्हाळ्याच्या घरी तर ते ओट्यावर बसून वाढायचं. मी एक्क्याण्णवच्या सुमाराला इंदापूरहून या घरात सून म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात बघितलं, सासूबाई आणि शेजारच्या गजराकाकू दुपारी डाळ निवडत कुणाच्या तरी मयताबद्दल बोलतायत आणि तोंडाला पदर लावून हसतायत. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठं येऊन पडले!

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. आम्ही बौद्ध, गजराकाकू उसाच्या बागायतदार घरातल्या, पण दोघींचं सगळं एकमेकींना विचारून चालायचं. कुठं कुणी गेलं की भेटायलाही दोघी मिळूनच जायच्या. त्यातलं आठवेल तसं सांगते.

*

माझे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि त्यात त्यांच्या खांद्यावर एक हात होता. नुसताच हात. बाकी माणूस नाही.

झालं असं होतं की सासऱ्यांनी जन्मात एकट्याचा फोटो काढला नव्हता. ते गेल्यावर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला. बारामतीच्या फोटोवाल्यानं त्यातून त्यांना वेगळं काढून मोठं केलं, पण हात काही त्याला निघेना. आत्याबाईंनी सांगितलं, राहू दे, तेवढाच आधार आहे त्यांना.

हात कुणाचा यावर घरात बरेच वाद झाले. शेवटी गजराकाकूंचे मालक, दगडूतात्या, एकदा चहाला आले, फोटोसमोर उभे राहिले, आपला पंजा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "माझाच हाय ह्यो. म्हंजी मी थोडा थोडा भिंतीवर जायला लागलोच की."

*

सांगवीला गजराकाकूंच्या लांबच्या नात्यातले एक म्हातारे वारल्याचा निरोप आला. दोघी एसटीनं निघाल्या. गावात उतरून घर विचारलं, कुणीतरी बोट दाखवलं, आणि त्या घराच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या काकूंनी गळा काढला. पाठोपाठ आत्याबाईंनी. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, किती मायाळू होते, दारात आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही, आता गावाची सावली गेली, असं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

तेवढ्यात आत्याबाईंचं लक्ष गेलं. सोप्यात बाजेवर एक आजोबा बशीतून चहा पीत बसले होते आणि मन लावून ऐकत होते.

मयत झालेले होते त्यांच्याच नावाचे दुसरे म्हातारे, चार घरं सोडून पलीकडचे. दोघी उठायला लागल्या, तर आजोबांनी हातानं बसवलं.

"बसा की. चाललंय ते चालू द्या. मी गेल्यावर मला कुठं ऐकाया मिळणार हाय?"

मग त्यांनी दोघींना चहा पाजला आणि सुनेला हाक मारून सांगितलं, बघ, परक्या बायकांना माझी किंमत कळली. परत येताना या दोघी एसटीत इतक्या हसल्या की कंडक्टरनं विचारलं, आजी, लग्नाहून आलाय का?

दोन-तीन वर्षांनी ते आजोबा खरोखरच गेले. दोघी पुन्हा सांगवीला गेल्या. या वेळी खरंच रडू येत होतं, पण दारातच सुनेनं दोघींना धरलं आणि आत नेऊन बसवलं. सासऱ्यांनी जाण्याआधी तिला सांगून ठेवलं होतं, "कोऱ्हाळ्याच्या दोघी येतील. त्यास्नी रडाया लावू नगं, त्यांचं आधीच झालंय. च्या दे."

*

दगडूतात्यांच्या छातीत दुखायला लागलं ते एका आषाढात. बारामतीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते. ते काकूंशी बाहेर हळू आवाजात बोलले आणि तात्यांशी आत मोठ्या आवाजात बोलले, यावरून तात्यांनी काय ते ओळखलं. मी आणि आत्याबाई तिथंच होतो.

डॉक्टर म्हणाले, तात्या, काळजीचं काही नाही.

"काळजी न्हायच," तात्या म्हणाले. "एक इचारायचं व्हतं. रान तयार हाय. आडसाली लावू का बाजरी?"

आडसाली म्हणजे दीड वर्षाचा ऊस. बाजरी तीन महिन्यांत घरात येते. काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. डॉक्टर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली, थोडा वेळ तात्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "आडसाली लावा, तात्या. विडी सोडा, आणि तोडीला मला बोलवा."

तात्यांनी विडी सोडली आणि ऊस लावला. ऊस डोक्याच्या वर गेला. दुसऱ्या हिवाळ्यात कारखान्याची तोड सुरू झाली तेव्हा गावातला प्रत्येक जण माझी तोड आधी द्या म्हणून मागं लागलेला. तात्या एकटेच सांगत फिरायचे की माझी सावकाश येऊ द्या, तोड झाली की मला जायचंय. तोडीचं बघणारा माणूस बिचारा घाबरून त्यांना टाळायला लागला.

तोडीच्या दिवशी डॉक्टर खरंच आले, स्कूटरवर बायकोला घेऊन. तात्यांनी बांधावर बसून त्यांना स्वतःच्या हातानं ऊस सोलून दिला. मग विचारलं, "आता खोडवा ठेवू का?" म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा वर्षभरानं येतं ते पीक.

या वेळी डॉक्टर नुसते ऊस चावत राहिले. तात्यांनी मान हलवली.

"बरं बरं," ते म्हणाले. "खोडव्याचं गजरा बघंल."

*

तात्या उन्हाळ्यात गेले. गजराकाकू रडेनात. सगळ्या बायका घाबरल्या, रडली पाहिजे, नाहीतर छातीत धरेल म्हणायला लागल्या. कुणी बांगड्यांचं बोललं, कुणी लेकरांना पुढं आणलं. काकू नुसत्या भिंतीला टेकून बसलेल्या, जणू दुसऱ्याच कुणाकडं भेटायला आल्यात.

तात्यांची एक सवय अख्ख्या आळीला माहीत होती. लग्न झाल्यापासून ते रोज पहिला घास घेतला की म्हणायचे, मीठ कमी हाय. काकूंनी मूठभर घातलं तरी तेच.

आत्याबाई गर्दीतून वाट काढत काकूंजवळ जाऊन बसल्या आणि कानात म्हणाल्या, "गजरे, आता तुझ्या भाजीत मीठ बराबर झालं बघ."

काकू आधी हसल्या. चांगलं मोठ्यांदा हसल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मग त्या हसण्यातूनच जो हंबरडा फुटला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला, कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. मुलांनी सगळं कबूल करून बघितलं, आईला सांभाळू, जमीन विकणार नाही, भावाभावांत भांडणार नाही. आमच्याकडं हे काही करत नाहीत, पण काकूंसाठी म्हणून आत्याबाई आणि मी उन्हात उभ्या होतो. शेवटी काकू स्वतः उठल्या. कुणाच्या तरी डब्यातलं चिमूटभर मीठ घेतलं आणि पिंडावर टाकलं. त्या मागं सरतायत तोवर कावळा खाली आला.

येताना मी आत्याबाईंना विचारलं, आता तरी मानता का? त्या म्हणाल्या, "कावळ्याला न्हाय मानत. मिठाला मानते."

*

मग आत्याबाईंचीच पाळी आली. पोटाचं दुखणं होतं, बरं न होणारं. त्यांनी ते माझ्याकडून सरळ विचारून घेतलं आणि मलाच धीर दिला.

त्यानंतर मला घेऊन बारामतीला गेल्या आणि दुकानात पांढरं लुगडं दाखवायला सांगितलं. दुकानदारानं विचारलं, कशासाठी हवंय? त्यांनी सांगितलं, माझ्याच मयताला. तो बिचारा गठ्ठा हातात धरून उभा राहिला. आत्याबाईंनी पोत चाचपून बघितला, पदर उलटा करून बघितला, आणि विचारलं की धुतल्यावर आटणार तर नाही?

पुढच्याच महिन्यात वडगावला भाचीचं लग्न होतं. तेच लुगडं नेसून तयार. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, "तवा नेसून मला कुठं आरशात बघाया मिळणार हाय?"

*

आत्याबाईंचा थोरला मुलगा मिलिंद, माझे मोठे दीर, दहावीत असताना कालव्यात पोहायला गेला आणि बुडाला. मी या घरात येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. दरवर्षी त्या दिवशी सकाळी घरात बुद्धवंदना व्हायची, खीर व्हायची, आणि दुपारी त्याचे वर्गमित्र ओट्यावर जमायचे. आत्याबाईंचा नियम ठरलेला होता. मिलिंद किती गुणी होता हे सांगायचं नाही. ज्यासाठी त्यानं मार खायला हवा होता आणि तो मार चुकला, तेवढंच सांगायचं.

पोरं आता बाप्ये झाली होती. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले. त्यातला सुरेश एसटीत कंडक्टर होता, तो सगळ्यांत रंगवून सांगायचा. मिलिंदनं गुरुजींची छत्री लपवली, मिलिंदनं हेडमास्तरांच्या खुर्चीत बेडूक ठेवला. आत्याबाई ऐकायच्या, हसायच्या, आणि मेल्या, हाती लागायला हवा होतास, म्हणायच्या.

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पोरं यायला कचरत होती, तर त्यांनीच निरोप पाठवला. बाज ओट्यावर घेतली. गजराकाकू उशाशी बसल्या. सुरेशनं नवीनच काढलं. म्हणाला, एकदा मिलिंद आणि मी दगडूतात्यांची एम-एटी गाडी न विचारता काढली आणि थेट बारामतीला सिनेमाला गेलो. परत येताना पेट्रोल संपलं, निम्मी वाट ढकलत आणली, आणि मिलिंदनं ती गुपचूप गोठ्यात उभी करून वर वैरण टाकली.

सगळे हसले. मी हसता हसता थांबले. तात्यांनी एम-एटी घेतली ती माझ्या लग्नानंतर. गाडीला घातलेला पहिला हार मी स्वतः ओवला होता. मिलिंद तेव्हा कुठला?

मी काकूंकडं बघितलं. त्यांची गाडी, त्यांना तर माहीत असणारच. काकूंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "व्हय, व्हय. मालक काठी घिऊन दिवसभर हुडकीत व्हते त्याला."

मी वाकून आत्याबाईंच्या कानाशी गेले आणि हळूच म्हटलं, आत्याबाई, ही गाडी तर नंतरची.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"मग?"

"आसू दे. तेवढंच पोरगं मोठं व्हतंय."

आणि मान वळवून त्यांनी सुरेशला विचारलं, "हां, मंग? घावला का तात्याला?"